सपाट सुरतेतला चढ

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. मात्र मला पाहून तुम्ही सायकल म्हणाल की नाही, याची मला शंकाच आहे. मला चाक एकच आहे. तेही लोखंडी, जड आणि जमिनीला न टेकणारे. मला टायर नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही. माझ्यावर बसून आजवर कोणी शाळेत गेले नाही की बाजारातून भाजी आणली नाही. माझ्यावर बसायचे, जीव तोडून पायडल मारायचे, घामाघूम व्हायचे आणि जिथे बसलात तिथेच उतरायचे. लहान मुले मला पाहून हसतात. हसू द्या बापडी. सायकल म्हणवून घ्यायचे आणि जागचे हलायचे नाही, हे हसण्यासारखेच आहे.

माझा जन्म लुधियान्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्यासोबत तयार झालेल्या सायकली ट्रकमध्ये बांधून देशभर गेल्या. कुणाच्या नशिबी दूधवाला आला, कुणाच्या पोस्टमन. मला घडवणाऱ्या कारागिराने मला ओट्यावर ठेवले, स्वतः बसून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. मी ताकद मोजण्यासाठी जन्माला आले होते.

माझी रचना फार अवघड नाही. चाकाभोवती जाड कापडाचा एक पट्टा आहे. पुढे एक चावी आहे आणि चावीभोवती आकडे रंगवलेले आहेत. चावी पिळली की पट्टा चाकाला आवळतो, चाक जड होते आणि बसलेल्याला चढ चढल्यासारखे वाटते. चावी जितकी पुढच्या आकड्यावर, तितका चढ उभा. पण या सगळ्याला एक अट आहे. पट्टा कोरडा हवा. पट्टा कोरडा असेल तरच माझ्या आकड्यांना अर्थ आहे. एवढे ध्यानात ठेवा, कारण माझी सारी कहाणी या एका गोष्टीवर उभी आहे.

एकोणीसशे शहाण्णव साली मी सुरतेला आले. पांडेसऱ्यात एका क्रीडा मंडळाचा हॉल होता, तिथे माझी स्थापना झाली. आजूबाजूला रंगाईच्या गिरण्या. रस्त्याकडेच्या गटाराचे पाणी एके दिवशी हिरवे तर दुसऱ्या दिवशी जांभळे. या हॉलमध्ये देसाईसर मुलामुलींना डोंगरी सायकल शर्यतीसाठी तयार करत. आता सुरतेत डोंगर कुठून आणायचा? तापीच्या पुलांचा चढ सोडला तर हे शहर ताटासारखे सपाट. रविवारी सर सगळ्यांना टेम्पोत घालून डांगच्या डोंगरात नेत. बाकीचे दिवस मुलांचा डोंगर म्हणजे मी.

रविवार मला आवडत नसे. सकाळी मुलांच्या सायकली टेम्पोत चढत, आरडाओरडा होई आणि मग हॉलला कुलूप लागे. दिवसभर मी आणि भिंतीवरचे घड्याळ. संध्याकाळी त्या सायकली परत येत, तेव्हा त्यांच्या चाकांना लाल माती लागलेली असे. कुणाच्या दांडीत सागाचे पान अडकलेले असे. मी त्या पानाकडे बघत राही. ज्या डोंगरासाठी मी मुलांना तयार करत होते, तो मी कधीच पाहिला नव्हता, आणि कधी पाहणारही नव्हते. याचे मला वाईट वाटे. अगदी रडू येईल इतके वाईट वाटे.

चाचणीच्या दिवशी मात्र माझा थाट बघावा. सगळे माझ्याभोवती गोळा होत. सर शिट्टीने ठेका धरत, त्या ठेक्यावर पायडल फिरलेच पाहिजे, आणि दर थोड्या वेळाने चावी पुढे सरकवत. पाय ठेक्याला चुकले की चाचणी संपली. कोणाचा वशिला चालत नसे, कोणाची गयावया चालत नसे. मी पैलवानाच्या पोरालाही उतरवले आणि काडीपैलवानाचेही कौतुक केले. याचा मला अभिमान होता, तो मी कशाला लपवू? मात्र चाचणी संपली की पुन्हा माझ्याकडे कोणी फिरकत नसे. माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घालत.

एक मुलगी तेवढी वेगळी होती. तिचे नाव गायत्री. पांडेसऱ्याच्याच एका चाळीत राहायची. तिचे घर मूळचे अमळनेरकडचे. वडील सुकलाल रंगाईच्या गिरणीत कामाला, आई उषाबाई घरी साड्यांना टिकल्या लावायची. गायत्री माझ्यावरून उतरली की आधी मला पुसायची. घाम तिचाच, पण पुसायची माझ्या अंगावरून, आणि सीटवर हलकी थाप मारून मग पाणी प्यायला जायची. तेवढ्या एका थापेवर माझा आठवडा निघत असे.

सत्त्याण्णव सालच्या नवरात्रात निवडचाचणी ठरली. हिमाचलातल्या मोठ्या शर्यतीसाठी या शिबिरातून एकाच मुलीला पाठवायचे होते. शिबिराच्या सुरुवातीला जी चाचणी झाली, तीत मुलींमध्ये गायत्री सर्वांत वर होती. तिच्या खालोखाल मयुरी. मयुरी कडोदऱ्याची. तिचे वडील आनंदा परभणीकडून येऊन इमारतींच्या सेंटरिंगच्या कामाला लागलेले. दोघी एकमेकींच्या डब्यातले खात आणि शर्यतीत एकमेकींना जराही सोडत नसत. फरक एवढाच की मयुरीला पुढचे वर्षही होते. गायत्रीचे वय पुढच्या वर्षी या गटात बसणार नव्हते. ही तिची शेवटची संधी होती, आणि ही गोष्ट तिने घरी सांगितलेली नव्हती. उगाच आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, जिवाला घोर नको, असे ती मयुरीला म्हणाल्याचे मी ऐकले होते.

पहिला नंबर गायत्रीचा लागला. सर म्हणाले, "चाल गायत्री, बेस." ती बसली. चावी एकेक आकडा पुढे जाऊ लागली. पट्टा इतका आवळला की तो चाकावर घासून किंचाळायला लागला. कोरडा पट्टा किंचाळतोच, त्यात काळजीचे काही नाही. माझ्या दृष्टीने ते माझे गाणे होते.

नेमके तेव्हाच सुकलाल दारात येऊन उभे राहिले. पाळी संपवून लेकीला न्यायला आले होते. त्या आठवड्यात गिरणीत राणी रंग चालू होता, त्यामुळे त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत राणी झाले होते. लेक लालबुंद झालेली, मान खाली, आणि खालून माझा तो आवाज. त्यांना ते बघवेना.

"अरे देवा, कितली रडी ऱ्हायनी ती मशीन!" ते म्हणाले.

सर हसले. "मशीन छे, सुकलालभाई. रडे तो रडवा दो."

गायत्री आदल्या वेळेपेक्षा एक आकडा वर गेली आणि मग तिचे पाय ठेक्याला चुकले. माझ्यावर आजवर बसलेल्या कोणत्याही मुलीने इतका चढ चढला नव्हता. सर "सरस!" म्हणाले. आता मयुरीची पाळी होती. तेवढ्यात गरब्याची मंडळी लाउडस्पीकरचे मोठे डबे घेऊन आली. संध्याकाळी हॉल त्यांना दिलेला होता. सरांनी थोडी हुज्जत घातली, पण नवरात्रात सुरतेत गरब्यापुढे कोणाचे चालले आहे? मयुरीची आणि उरलेल्यांची चाचणी दसऱ्यानंतर घ्यायचे ठरले.

मध्ये खंडेनवमी आली. तुमच्यापैकी ज्यांचे वडील गिरणीत किंवा कारखान्यात आहेत, त्यांना हा दिवस माहीत असेल. त्या दिवशी यंत्र चालवायचे नाही. त्याला धुवायचे, पुसायचे, तेल द्यायचे, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचा. ज्याच्यावर घर चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. सुकलालांनी गिरणीतली पूजा उरकली आणि तेच ताट घेऊन ते एकटेच आमच्या हॉलवर आले. पहारेकऱ्याने दार उघडून दिले.

मित्रांनो, माझी पूजा कोणी करील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसले. माझ्या पायडलांच्या खाचांतली घाण काडीने काढली. हँडलला कुंकू लावले, हार घातला. साखळीला तेल दिले, तेव्हा तर माझा सगळा अवघडलेपणा गेला. मी मनात म्हटले, आता पुरे, आता नारळ फोडा आणि जा.

पण त्यांना तो किंचाळण्याचा आवाज आठवला. त्यांनी चावी सैल केली, पट्ट्याखाली बोटे घातली आणि आतून, सगळीकडून, मनापासून तेल लावले. लावता लावता माझ्याशी बोलत होते.

"आते रडू नको व माय. मनी पोर तुन्हावर बठस. तिले वर चढू दे."

मला ओरडून सांगायचे होते, की अहो, तिथे नको, तेवढी एक जागा सोडा. पण मी कशी ओरडणार? माझा जो काही आवाज होता, तोच ते तेलाने बंद करत होते. त्यांनी चावी होती तशी लावली, डोळे मिटून हात जोडले आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या सीटवर ठेवून गेले. दोन दिवस मी हार घालून अंधाऱ्या हॉलमध्ये उभी होते. इतके लाड माझे कधीच झाले नव्हते आणि इतकी एकटी मी कधीच नव्हते.

दसऱ्यानंतर सर आले. निवडचाचणीच्या दिवशी ते आधी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला ताणकाटा, म्हणजे ताण मोजायचा स्प्रिंगचा काटा, लावून माझा पट्टा तपासत. त्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातला हार पाहिला, कुंकू पाहिले, चकचकीत पायडल पाहिले आणि ते खूश झाले. "वाह! कोईए तो ध्यान राख्यू," असे म्हणून त्यांनीही मला नमस्कार केला. ज्या यंत्राची इतकी निगा राखली गेली आहे, ते तपासायचे कशाला? शिवाय दुपारपर्यंत निवडलेल्या मुलांची नावे फोनवरून कळवायची होती. ताणकाटा खिळ्यालाच राहिला.

मयुरी बसली. चावी पुढे गेली, पट्टा आवळला, पण तेलावर तो नुसता सरकत राहिला. आवाज नाही, जोर नाही. मी जीव तोडून जड व्हायचा प्रयत्न केला. यंत्राने प्रयत्न करून काय होते? जिथे गायत्रीचे पाय थांबले होते, तो आकडा मयुरीने गप्पा मारल्यासारखा ओलांडला.

ती बिचारी सरळ मनाची. स्वतःच म्हणाली, "सर, आज लईच हलकं लागायलंय."

"डांगना डोंगर बोले छे, बेटा!" सर म्हणाले आणि त्यांनी तिची पाठ थोपटली. डांगच्या डोंगरांत केलेला सराव आता फळाला आला, असे त्यांना वाटले. वाटणारच. मागून आलेल्या मुलीही सगळ्या आपापल्या आधीच्या आकड्याच्या वर गेल्या, पण मयुरीइतक्या नाही. सरांचा आनंद गगनात मावेना. आपल्या शिकवण्याचे चीज झाले, असे ते ज्याला त्याला सांगत होते.

मयुरीचे नाव जाहीर झाले. गायत्रीनेही टाळ्या वाजवल्या. मयुरीच्या गळ्यात पडून ती म्हणाली, "माझ्यासाठी बर्फ बघून ये." मग ती नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

हॉल रिकामा झाला. सर शेजारच्या खोलीत फोन करत होते. गायत्री आपली पाण्याची बाटली न्यायला आत आली आणि माझ्याजवळ थांबली. मग चप्पल काढून माझ्यावर बसली. ज्या आकड्यावर तिचा दम संपला होता, तिथे तिने चावी नेली आणि पायडल मारले. पाय सहज फिरले. ती दचकली. चावी आणखी पुढे केली. तरीही पाय फिरले. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की काय सांगू. मग तो गेला. मुलगी हुशार होती. ती खाली उतरली, पट्ट्याला हात लावला, बोटे एकमेकांवर चोळून पाहिली. चावी सैल करून तिने पट्टा बाहेर काढला आणि उलटा केला. आतल्या बाजूला तेलात उमटलेली राणी रंगाची बोटे होती. एक, दोन, तीन, चार, आणि कडेला अंगठा.

ती बोटे कोणाची, हे तिला कोणी सांगायला नको होते. त्याच बोटांनी रोज सकाळी तिच्या सायकलची हवा तपासली जायची.

ती पट्टा हातात घेऊन उभी राहिली. शेजारच्या खोलीचे दार चार पावलांवर होते. सर आत होते. नुसता पट्टा नेऊन दाखवला असता तरी पुरे होते. सगळ्यांची चाचणी पुन्हा झाली असती. ती दाराकडे निघालीसुद्धा, आणि बाहेरच्या दारातून सुकलाल आत आले. बाहेर मुलांकडून त्यांना निकाल कळला होता. त्यांच्या खांद्यावर रुमाल होता, त्याने ते उगाच मान पुसत होते.

गायत्री म्हणाली, "आबा, ह्या पट्टाले तेल दिन्हं का तुम्हीन?"

त्यांचा पडलेला चेहरा एकदम खुलला.

"हां मंग! पूजाना दिन दिन्हं ना. तू बठनी तव्हय कितली रडे ती बिचारी! म्हनलं, मनी पोरले तरास नको." आणि मग लाजत म्हणाले, "तुन्हाकरताच दिन्हं, माय."

मी तिच्याकडे पाहत होते. तिच्या तोंडाशी आलेले शब्द मला दिसत होते. तिने पट्टा मुठीत इतका आवळला की तिच्याही बोटांना तेल लागले.

"बरं कयं, आबा, तेल दिन्हं ते," ती म्हणाली.

तेवढ्यात सर बाहेर आले. पट्टा तिच्या हातात पाहून म्हणाले, "शूं थयू, गायत्री?"

"काही नाही सर. मळला होता. धुऊन देते."

ती नळावर गेली. साबणाने तिने तो पट्टा धुतला, घासला, पुन्हा धुतला. इकडे सुकलाल सरांना म्हणाले, "मनी पोर जरासी कमी पडनी, सर. कोन्ही चुकी नही. पुढला साल करी दाखाडी ती." सरांना तिचे वय माहीत होते. त्यांनी नुसता सुकलालांच्या खांद्यावर हात ठेवला. गायत्रीने पट्टा खिडकीच्या गजावर वाळत घातला, वाळल्यावर माझ्या चाकावरचे तेल पुसून त्याला चढवला, चावी लावून पाहिली. मी किंचाळले. तिने मला पुसले, सीटवर नेहमीसारखी थाप मारली आणि बापलेक निघून गेले. ती पुन्हा आली नाही.

मयुरी हिमाचलला जाऊन आली. तिचा नंबर आला नाही, पण ती बर्फ बघून आली. पुढे सरांची बदली झाली, शिबिर दुसऱ्या गावी गेले आणि हॉल एका व्यापाऱ्याने भाड्याने घेतला. आता इथे साड्यांच्या घड्या घालून खोकी भरतात. मी जिन्याखाली आहे. माझ्या हँडलवर दोऱ्याची बंडले अडकवलेली असतात, सीटवर कोणीतरी चहाचा ग्लास ठेवतो. चावी गंजली, आकडे पुसट झाले. कोणी मला आता काही मोजायला सांगत नाही. गायत्रीचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. शोधायला मी कुठे जाणार? मी पडले जागची न हलणारी.

पण गिरणीची पाळी सुटली की सुकलाल याच रस्त्याने जातात. कधीकधी पहारेकऱ्याशी बोलत दारात टेकतात. आता केस पिकले, हात अजून रंगलेले असतात. लेकीचा विषय निघाला की अजून तेच तेवढे सांगतात. पोरगी भारी होती, पण त्या वर्षी तिचा दम थोडा कमी पडला. आणि आत वाकून मला नमस्कार करतात.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी थोडे वेगळे सांगते. काळजी घेण्याआधी, तिला काय हवे आहे हे विचारून घ्या. वस्तूला विचारता येत नसेल तर तिच्यावर रोज बसणाऱ्याला विचारा. आणि कोणाला कमी ठरवण्याआधी, खिळ्यावर टांगलेला काटा एकदा खाली काढा. एवढे केलेत तर माझ्यासारख्या मुक्या यंत्रांवर फार उपकार होतील.

आणखी एक काम आहे, ते मला करता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. पांडेसऱ्यात तुम्हाला कधी रंगलेल्या हातांचे सुकलाल भेटले, तर तेलाचे काही बोलू नका. तेलाचे त्यांना कधीच कळू नये, म्हणून एका मुलीने फार मोठी किंमत दिली आहे. त्यांना एवढेच सांगा, की जिन्याखालच्या त्या जुन्या सायकलीने आम्हाला सांगितले आहे, तुमच्या लेकीचा दम कमी पडला नव्हता.